भाषेचा धडा : हॉटेलातील पाटी वाचताना

छप्पन दुकानच्या पाट्यांवर ‘हक्का नूडल्स’ हे शब्द तुम्ही नेहमी वाचता. हक्का हे मसाल्याचे नाव की गावाचे? दोन्ही नाही. हक्का हा दक्षिण चीनमधील एक समाज आहे. या शब्दाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. त्यांपैकी काही घराणी कोलकात्याच्या टांगरा भागात स्थायिक झाली व चामडे कमावण्याचा धंदा करू लागली. तेथेच घराला लागून छोटी हॉटेले निघाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुढे कित्येक कुटुंबांना या हॉटेलांचाच आधार उरला.

अशा हॉटेलातील काही शब्द पाहू.

चाउमीन : ‘चाउ’ म्हणजे तेलावर परतलेले, ‘मीन’ म्हणजे गव्हाच्या लांब शेवया. म्हणून ‘चाउमीन नूडल्स’ म्हणणे हे ‘पिवळा पीतांबर’ म्हणण्यासारखेच!

वाँटन : सारण भरलेली पातळ पारी, बहुधा गरम सुपात सोडलेली. कँटनच्या बोलीत हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ ‘ढग गिळणे’ असा होतो.

डिमसम : लहान लहान खाद्यपदार्थ, पुष्कळदा वाफवलेले. शब्दशः अर्थ, हृदयाला स्पर्श. वाफवायच्या पदार्थाची पारी मध्ये जाड व कडेला पातळ लाटतात. कडा एकत्र मिटल्या की तेथे पिठाचे थर साचतात. कड जाड असेल तर ती कच्ची राहते. मोदक करणाऱ्या आईला किंवा आजीला हे सांगावे लागणार नाही.

मांचुरियन : हा पदार्थ चीनमध्ये शोधू नका. १९७५ साली मुंबईत तो प्रथम केल्याचे श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांना देतात.

आता पाटीवर नसलेली गोष्ट. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यानंतर अनेक कुटुंबे कॅनडा व इतर देशांत गेली. टांगऱ्यातील चिनी शाळा मुलांअभावी बंद पडली. आज हक्का नूडल्स गावोगावी मिळतात. कोलकात्यात हक्का बोली बोलणारी मुले मात्र फार थोडी.

पालकांनीही याचा विचार करावा. इंदुरात सकाळी पोहे सगळेच खातात. त्यासाठी कोणाला मराठी यावी लागत नाही. पदार्थ गिऱ्हाईक टिकवते. भाषा मात्र घरातल्यांनाच टिकवावी लागते.

स्वाध्याय

१. ‘पिवळा पीतांबर’सारखे आणखी दोन शब्दप्रयोग शोधा.

२. पारी, उकड, कळ्या पाडणे, मोहन, फोडणी : यांपैकी कोणते शब्द तुमच्या घरी अजून बोलले जातात? आजीला विचारून आणखी पाच शब्द वहीत लिहा व प्रत्येकाचे एक वाक्य करा.

३. पुढच्या वेळी हॉटेलात गेल्यावर घरच्यांशी मराठीत बोलून काय मागवायचे ते ठरवा.