परगावची शर्यत आणि पाटाकडेचा रस्ता

चि. भाचीस,


हौशी धावणे म्हणजे उपजीविकेसाठी किंवा निवडचाचणीसाठी नव्हे, तर स्वतःच्या आवडीने आणि स्वतःच्या वेळात केलेले धावणे. अशा धावण्याचे फळ कोणते, याचा विचार परगावच्या शर्यतीसाठी नाव नोंदवण्याआधीच झालेला बरा, कारण तो झाला नाही तर शर्यत संपल्यावर हाती एक पदक, एक टी-शर्ट आणि चार छायाचित्रे एवढेच उरते. भाचीने साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचा संकल्प केला आहे आणि तो सर्वथा स्तुत्य आहे. त्या संकल्पाला जोडून सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही की, परगावची शर्यत तिच्या रस्त्यासाठी निवडावी, आणि रस्ता पायांनी ओळखण्याची सवय आधी घरच्या कोपरगावातच लावून घ्यावी.

मराठी मुलखाला लांब पल्ल्याचे धावणे नवे नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे खेळाडू पाठवण्याचा विचार पुढे आला. त्या पथकातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, कारण आज सर्वत्र मान्य असलेले ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये ठरले. अर्धमॅरेथॉन म्हणजे त्याचे निम्मे, सुमारे २१.१ किलोमीटर. पुढच्या काळात नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत, माण तालुक्यातल्या ललिता बाबर आणि अहिल्यानगरला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे यांनी धावण्यात नाव मिळवले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांचे धावणे हे अहोरात्र चाललेले कष्टाचे काम आहे, त्याची फूटपट्टी हौशी धावणाऱ्याने स्वतःला लावू नये आणि इतरांनाही लावू देऊ नये. हौशी धावण्यात परीक्षक एकच असतो, आणि त्याच्याशी खोटे बोलून काही मिळत नाही. हाच या छंदाचा पहिला लाभ होय.

कोपरगावच्या धावणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळाली आहे, तिचे मोल बाहेर गेल्यावरच कळते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे या तालुक्यातून जातात, आणि कालवा बांधताना त्याला पाणी वाहण्यापुरताच, डोळ्यांना न दिसणारा उतार दिलेला असल्यामुळे पाटाच्या कडेने जाणारी वाट मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट राहते. अशा वाटेवर वेगातला फरक चढउतारामुळे पडत नाही. तो पडतो झोपेमुळे, आदल्या रात्रीच्या जेवणामुळे, उकाड्यामुळे किंवा मनावरच्या ताणामुळे. म्हणून पाटाकडेला महिनोन्‌महिने धावणाऱ्याला स्वतःच्या शरीराचा स्वभाव इतका नेमका कळतो की तसा तो घाटवाटांच्या गावी राहणाऱ्यालाही सहज कळत नाही. पावसाळ्यात मात्र ही वाट सोडावी लागते, कारण इथली काळी माती दोन सरींतच बुटांच्या तळाला थरावर थर चिकटते, पाय जड होतो, घोटा मुरगळतो. आणि सातारची शर्यत पावसाळ्याच्या अखेरीस असल्याने तयारीचे मुख्य महिने नेमके याच चिखलाचे असतात. त्या काळात आतल्या गावरस्त्यांचे डांबर पत्करावे.

शरीराला आणि मनाला होणारा लाभ सांगताना अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायामाचे आहे, आणि हे प्रमाण अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याकडून सहज ओलांडले जाते. नियमित धावण्याने हृदयाच्या ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलले जाऊ लागते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी नाडी संथ होते. झोप सहसा सुधारते. धावून आल्यावर येणारी प्रसन्नता पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांमुळे येते असे मानले जाई. परंतु रक्तातली ही द्रव्ये मेंदूत सहजासहजी शिरत नसल्याने आता संशोधकांचे लक्ष एंडोकॅनाबिनॉइड या दुसऱ्या, मेंदूपर्यंत सहज पोहोचणाऱ्या द्रव्यांकडे वळले आहे. कारण कोणतेही असो, त्या प्रसन्नतेपेक्षाही मोठा लाभ एकांताचा आहे. नोकरी, घर आणि नातेवाईक यांत वाटून गेलेल्या दिवसातला एक तास असा असतो की ज्यात तरुण मुलीला कोणी काम सांगत नाही आणि कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. हा तास आपल्या समाजात मुलींना सहसा मागावा लागतो. भाचीने तो न मागता घेतला आहे, आणि तो तिने कोणत्याही कारणाने सोडू नये.

तयारीच्या बाबतीत सर्वांत अधिक चूक वेगाची होते. आठवड्यातले बहुतेक धावणे अशा संथ गतीने व्हावे की धावता धावता शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. दम लागून शब्द तुटू लागले की गती वाढली असे समजावे. विश्रांतीचे दिवस वाया गेले असे तरुणपणी वाटते, पण या तालुक्यात वाढलेल्या माणसाला ती गोष्ट समजावण्याची गरज पडू नये: आवर्तनाचे पाणी पाळीपाळीने दिले तर पीक धरते, आणि सततच्या पाण्याने याच गोदाकाठची चांगली जमीन पाणथळ आणि क्षारपड झालेली आहे. नडगीत किंवा गुडघ्यात एकाच जागी, दररोज त्याच पावलाला दुखू लागले तर ते सोसणे म्हणजे चिकाटी नव्हे. तेथे थांबावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तो सल्ला तयारीच्या आरंभीच घेणे हिताचे.

रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा मुद्दा येथे आवर्जून मांडणे आवश्यक आहे. गाळप हंगाम सुरू झाला की पहाटे कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रस्त्याची बरीचशी रुंदी व्यापतात, पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि बाहेर आलेली उसाची कांडी धावणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर असतात. अशा वेळी समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे, अंगावर प्रकाश परतवणारी पट्टी असावी, कानात गाणी नसावीत. नगर-मनमाड महामार्ग तर पहाटेही टाळावा. झुंजुमुंजू होण्याआधी एकटीने निघण्यापेक्षा दोघी-तिघींनी निघणे अधिक चांगले. त्यात भीतीला शरण जाणे नाही, आणि दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर आणखी चार मुली धावताना दिसल्या तर त्याचे श्रेय पहिल्या दोघी-तिघींचे असेल.

साताऱ्याची शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली. ती शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. सपाटीवर तयार झालेल्या धावणाऱ्याला येथे चढ थकवतो हे उघडच आहे, पण खरे नुकसान उतारावर होते, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखत असतात, आणि त्या कामाची सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही कठीण होते. कोपरगावात घाट नाही. मात्र मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने अंकाईला उतरून अंकाई-टंकाईच्या पायऱ्या काही रविवारी चढाव्यात आणि, त्याहून महत्त्वाचे, सावकाश उतराव्यात. घाटात चालावे लागले तर निःसंकोच चालावे. शर्यतीत कपड्यावर लावायचा क्रमांक म्हणजे बिब. त्याला जोडलेली चिप प्रत्येकाचा वेळ स्वतंत्रपणे मोजते, त्यामुळे आरंभरेषेशी रेटारेटी करण्याचे काहीच कारण नसते. ठरावीक वेळेत पोहोचवण्यासाठी झेंडा घेऊन समान गतीने धावणारा वाटाड्या, ज्याला पेसर म्हणतात, त्याच्या मागे सुरुवातीला राहणे उपयोगी पडते. या शर्यतीचा वेळ घरच्या पाटाकडेच्या वेळेशी ताडून पाहू नये. ढग अंगावरून जात असताना पायाखालचा रस्ता वळणावळणाने वर जातो आणि मागे वळून पाहिले की खाली सातारा दिसतो. हे मोटारीतूनही पाहता येते, परंतु ज्याने तो घाट श्वासागणिक मोजला त्याच्या स्मरणात तो वळणासह राहतो. परगावी जाऊन धावण्याचे खरे पारितोषिक हेच.

मुंबई मॅरेथॉनचा विचार पुढच्या वर्षी करावा. २००४ मध्ये सुरू झालेली आणि आता जानेवारीत होणारी ही शर्यत गर्दीची शर्यत आहे: पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालेल्या पूर्ण मॅरेथॉनच्या धावकाला वरळी-वांद्रे सागरी सेतू पायी ओलांडता येतो, जो एरवी पादचाऱ्याला बंद असतो, आणि परतीच्या वाटेवर शक्ती सरत आलेली असताना पेडर रोडचा चढ लागतो. तेथे दुतर्फा उभे असलेले अनोळखी लोक केळी, चिक्की, मीठ लावलेली संत्री पुढे करतात. एरवी घाईत असलेले हे शहर त्या सकाळी परक्या माणसासाठी थांबते, हे प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी अनुभवावे. पाणी मात्र तहानेपुरतेच प्यावे. भीतीपोटी अतोनात पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लडाखची मॅरेथॉन किंवा दक्षिण आफ्रिकेतली, १९२१ पासून चालत आलेली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स यांची नावे आता पुण्या-मुंबईच्या धावकांच्या तोंडी असतात. त्या शर्यतींची घाई नको.

खर्चाचा हिशेब आधीच मांडावा. नोंदणीशुल्क, प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि चांगले बूट यांची बेरीज नव्या कमावत्या माणसाला जड जाते, म्हणून वर्षातून परगावची एकच शर्यत ठरवावी आणि बुटांवर काटकसर करू नये. नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत. बिब आदल्या दिवशीच घ्यायचे असल्याने कोपरगावहून शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघावे, आणि सोबत आईला न्यावे. भाची पहाटे बाहेर पडली की घरी परतेपर्यंत आईचे लक्ष दाराकडे असते. ती काळजी बोलून जाणार नाही. घाट उतरून येणारी आपली मुलगी एकदा समोर पाहिली तरच ती कमी होईल. त्या दिवसांत कासचे पठारही फुललेले असते. तेथील प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, ती शर्यतीच्या नोंदणीबरोबरच उरकून टाकावी, आणि पठारावर जाणे सोमवारी ठेवावे, म्हणजे दुखऱ्या मांड्यांनाही थोडे चालणे घडेल.


मामा