मानसशास्त्राची पदवी हातात आहे, पुढे काय?

प्रश्न : मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले. शेलारमध्येच समुपदेशन केंद्र काढावं म्हणते. आई विचारते, ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ घर यंत्रमागावर चालतं. नोकरी करत दूरशिक्षणातून एम.ए. करू का?
– एक वाचक, शेलार (भिवंडी)

उत्तर : आईंना सांगा, औषधं लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर. तुमचं काम बोलण्याचं, ऐकण्याचं. दहावीच्या धास्तीने जेवण सुटलेली मुलगी, रात्रपाळीमुळे झोप उडालेला कामगार, दारूपायी विस्कटलेलं घर. यांना वेडं कोण म्हणेल? भिवंडीत अशा कामाची फार गरज आहे.

पण केंद्राची घाई नको. बी.ए.मुळे विषयाची ओळख होते, दुसऱ्याच्या दुखण्याला हात घालण्याची तयारी होत नाही. एम.ए. आणि जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली सराव हवाच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते.

दूरशिक्षणाचा विचार मात्र सोडा. यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. ‘घरबसल्या पदवी’च्या जाहिरातीला पैसे भरू नका. मुंबई विद्यापीठात किंवा जवळच्या महाविद्यालयात नियमित एम.ए.ची चौकशी करा, शिष्यवृत्तीचीही.

लगेच कमाई हवी असेल, तर भिवंडीच्या गोदामांमध्ये मनुष्यबळ विभागात प्रयत्न करता येईल. मुलांमध्ये रमत असाल, तर विशेष शिक्षणातलं बी.एड. मला अधिक आवडेल. एखाद्या संस्थेत महिनाभर नुसतं बसून काम पाहा, मग शाखा निवडा.