वायरमन घडवायचा खर्च कोणी सोसायचा?
(सभासद शिक्षण : अभ्यासपाठ)



विहिरीवरची मोटर बंद पडली की आपण वायरमनच्या घरी खेटे घालतो. तो सापडला तर ठीक, नाहीतर 'जमतंय मला' म्हणणारा कोणीतरी गडी धरून आणतो. त्याला अर्थिंगची धड माहिती नसते, आणि ओल्या पेटीला हात लावताना त्याचा व आपला, दोघांचाही जीव टांगणीला लागतो. गावात हुशार पोरं पुष्कळ आहेत. मग शिकलेला वायरमन का मिळत नाही? याचे मोठे कारण पैशाचे आहे.

१) अडचण कोठे आहे?

ठेकेदाराने नवखे पोरगे हाताखाली घेतले, तर सुरुवातीचे कित्येक महिने ते नुसते पकड-पाना देते. वायर वाया जाते, जुन्या माणसाचा वेळ मोडतो. एवढे करून ते तयार झाले की दुसरा ठेकेदार चार पैसे जादा देऊन त्याला घेऊन जातो. शिकवणारा तोट्यात, न शिकवणारा फायद्यात! एकट्याने पाट काढायचा आणि पाणी साऱ्यांनी न्यायचे, असे झाले तर पुढच्या साली पाट कोण काढील?

२) सर्वांनी मिळून भरण्याची रीत

अमेरिकेत वीजकामाच्या ठेकेदारांची संघटना १९०१ साली व वीज कामगारांची संघटना १८९१ साली स्थापन झाली. या दोघांनी मिळून उमेदवार घडवण्याची संयुक्त व्यवस्था उभी केली. करारात असलेला ठेकेदार कामगाराच्या दर तासामागे ठरलेली रक्कम शिक्षण निधीत भरतो. निधीच्या कारभारात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. १९५९ सालच्या कायदादुरुस्तीने अशा निधीला स्पष्ट मान्यता मिळाली. उमेदवारी साधारण पाच वर्षांची, त्यात कामावर सुमारे ८,००० तास. वर्ग वेगळे. जसे शिकेल तशी मजुरी चढते. सर्वांनी भरलेले असल्याने गडी दुसऱ्याकडे गेला तरी एकट्याचे नुकसान होत नाही. आपल्या ऊसबिलातील टनामागच्या कपातीसारखाच हा प्रकार आहे.

३) आपल्याकडे काय आहे?

(अ) आय.टी.आय. मध्ये वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत.

(आ) शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती आहे. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने सोसण्याचे ठरले. पण गोम अशी, की वायरिंगचा लहान ठेकेदार पाच-सात माणसांचा. त्याला सक्ती नाही, आणि एकट्याच्या ऐपतीत ते बसतही नाही.

(इ) १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर आला. ५० लाखांच्या गोदामामागे ५० हजार रुपये. हा पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा, आणि वायरिंग करणाराही त्यांतलाच. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात नमूद केले, की देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि कामगारांसाठी खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत उपकर कायम आहे, आणि कौशल्य विकासाच्या योजना आखणे हे कल्याण मंडळाचे काम म्हणून लिहिले आहे.

म्हणजे निधी उभा करण्याची वाट आपल्याकडेही सापडली आहे. तो शिकणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही, हे दुखणे आहे.

४) आपण काय करावे?

• वायरिंगचे काम देताना ठेकेदाराचा परवाना पाहावा. स्वस्तात पडतो म्हणून बिनपरवाना माणूस लावू नये.
• घरातले कोणी बांधकामावर वर्षात ९० दिवस राबत असेल, तर कल्याण मंडळात नोंदणी करावी. ज्याची नोंद नाही, त्याला हक्क मागता येत नाही.
• आपल्या कारखान्याने यंदा वीज विभागात किती उमेदवार घेतले, हे वार्षिक सभेत जरूर विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न : तालुक्यातील लहान ठेकेदारांनी एकत्र येऊन उमेदवार ठेवले, तर वर्गणी कशावर बसवावी? माणसांवर, की कामाच्या रकमेवर?

गटसभेत यावर बोलावे. ऊस पिकवायला आपण एक झालो, पोरं शिकवायलाही होऊ.