रुग्णालयाबाहेर जडणारा न्युमोनिया : एक अभ्यास

औषधांना दाद न देणारे जंतू केवळ रुग्णालयातच जडतात, असा समज पूर्वी रूढ होता. एमआरएसए हा असा जंतू १९६१ साली इंग्लंडमध्ये प्रथम नोंदला गेला. पुढे १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा राज्यांत पूर्वी निरोगी असलेली ४ बालके त्याच जंतूने दगावली. आरंभी दिलेली सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे त्यावर निष्प्रभ ठरली होती.

२००३-०४ च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्टॅफिलोकोकसचा न्युमोनिया झालेल्या १७ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १५ जणांत एमआरएसए आढळला. एकूण ५ रुग्ण मृत्यू पावले. या जंतूंच्या काही जाती पांढऱ्या पेशी नष्ट करणारे विष निर्माण करतात व फुफ्फुसाचा भाग झपाट्याने सडतो.

यावरून आम्ही रुग्णांच्या आप्तेष्टांस विनंती करतो की, फ्लू उतरत असताना पुन्हा तीव्र ताप, धाप अथवा थुंकीतून रक्त आल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. घरातील उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नयेत.

थुंकी व रक्ताच्या कल्चरचा अहवाल येण्यास सामान्यतः २ ते ३ दिवस लागतात. तोवर डॉक्टर व्हँकोमायसिन वा लिनेझोलिड सुरू करू शकतात. मात्र ते चालू ठेवावे की थांबवावे, हे त्या अहवालावरूनच ठरते. म्हणून प्रयोगशाळेसाठी दिलेली देणगी ही थेट रुग्णाच्या प्राणरक्षणार्थ दिलेली देणगी होय, असे आम्ही विश्वस्त व दात्यांपुढे नम्रपणे मांडतो.