गोवर उतरल्यानंतर

अंगभर उमटलेला गोवर एकदाचा ओसरला, ज्वर उतरला आणि मूल अंगणात खेळू लागले, म्हणजे आमच्या वैजापूर तालुक्यातील घरोघरची वडीलधारी माणसे निश्चिंत होतात. परंतु वैद्याची खरी चिंता तेथूनच सुरू होते. पुढील दोन-तीन वर्षांत हेच मूल न्यूमोनिया, अतिसार, कान फुटणे अशा विकारांनी वारंवार अंथरूण धरण्याचा संभव असतो, आणि त्याचे मूळ त्या उतरून गेलेल्या गोवरात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

श्वासावाटे शिरलेला हा विषाणू प्रथम फुप्फुसातील रक्षक पेशींना ग्रासतो आणि त्यांच्याच आश्रयाने लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो. तेथे ज्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१५० नावाचे प्रथिन असते त्या त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात. आणि दुर्दैव असे की, पूर्वी भेटलेल्या जंतूंची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशींवर हे प्रथिन विपुल असते. तहसील कचेरीच्या दप्तरखान्यास आग लागून पिढ्यांच्या नोंदी भस्मसात व्हाव्यात, तसा हा प्रकार होय. रक्तातील पेशींची संख्या थोड्याच दिवसांत पूर्ववत होते खरी, पण नव्याने भरती झालेल्या पेशी मुख्यत्वे गोवरालाच ओळखणाऱ्या असतात. म्हणूनच गोवर आयुष्यात बहुधा पुन्हा होत नाही, आणि इतर रोगांना मात्र दार उघडे राहते.

व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालवैद्याने १९०८ मध्येच असे नमूद केले होते की, क्षयाच्या त्वचापरीक्षेस एरवी प्रतिसाद देणारी मुले गोवराच्या काळात तो देईनाशी होतात. पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गोवरानंतर त्यांच्या विविध प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के लोपल्याचे आढळले. लसीतील क्षीण केलेल्या विषाणूमुळे असा ऱ्हास होत नाही, हेही त्याच वेळी दिसून आले.

तेव्हा गोवर झालेल्या बालकाचे अन्नपाणी तोडू नये, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि शासकीय रुग्णालयात नेऊन ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा लागोपाठ दोन दिवस देववाव्यात. वर्षावरील मुलास ती प्रत्येक वेळी २ लाख एकके असते, त्याहून लहानास कमी, म्हणून घरच्या अंदाजाने ती देऊ नये. त्यानंतरच्या काळात मुलास धाप लागली किंवा जुलाब सुरू झाले, तर ‘आपोआप बरे होईल’ म्हणून दिवस दवडू नयेत.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत आणि आपल्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात या रोगाची साथ उसळली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मला विशेष काळजी वाटते, कारण लसीची मुदत नेमकी कारखान्याच्या कोपीवर असताना येते आणि परतल्यावर विस्मरणात जाते. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची पहिली मात्रा व १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशी ही तजवीज आहे. ती गावीच घेतली पाहिजे असे नाही, मुक्कामाजवळच्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते. आज घरी गेल्यावर मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे, आणि दुसऱ्या मात्रेची जागा कोरी असेल तर उद्याच आशाताईंची गाठ घ्यावी.