यंत्रातले पाणी तापत नाही

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नळाला पाणी कमी आले की पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी वापरतात. ते बहुधा जड असते.

कपडे धुण्याच्या यंत्रात हीटरची कॉइल असते. जड पाणी तापले की कॉइलवर पांढरा थर बसतो. थराने उष्णता कोंडते. शेवटी कॉइल जळते.

यंत्र ६० अंशांवर लावून अर्ध्या तासाने आपण दाराच्या काचेला हात लावून पाहू. काच गारच? मग कारागिराला बोलवावे.

यंत्र लावताच घरची वीज जाते? मग कॉइलमधून वीज गळत असेल. यंत्राला शिवू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मगच प्लग काढावा.

कॉइल नवी मिळते, जीव नवा मिळत नाही.