अंगावर पित्त उठते तेव्हा त्वचेत काय घडते?

अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण "पित्त उठलं" म्हणतो. अलिबाग-पेणकडच्या आपल्या घरांत अशा वेळी आमसुले भिजवून ते पाणी अंगाला लावत. त्या थंडाव्याने खाज थोडी निवते, हे खरे. पण "पित्त" या शब्दामुळे एक समजूत पक्की झाली आहे, की दोष पोटाचा आणि म्हणून खाण्याचा. मी इथे अमेरिकेत अॅलर्जीच्या दवाखान्यात परिचारिका आहे. आपल्या समाजातले ओळखीचे लोक मला विचारायला येतात, तोवर बहुतेकांनी मासे, अंडी, वांगी, नारळ, कधी कधी बिरडेसुद्धा सोडलेले असते. तरी गांधी उठतच असतात. असे का होते, ते आज पाहू.

गांध कशी तयार होते?

आपल्या त्वचेत, बारीक रक्तवाहिन्या आणि नसांच्या आजूबाजूला, मास्ट पेशी असतात. त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकरी आहेत. १८७८ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन ज्यू संशोधकाने त्यांना हे नाव दिले. पेशीत दाणे ठासून भरलेले दिसले म्हणून "खाऊन पुष्ट झालेली" अशा अर्थाचे ते नाव. त्या दाण्यांत हिस्टामिन असते. पेशी चेतवली गेली की ते बाहेर पडते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि त्वचा फुगते, नसा चेतवल्या जातात आणि खाज सुटते. हेच त्वचेच्या खोल थरात झाले, तर ओठ किंवा पापण्या सुजतात.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या गांधीत मास्ट पेशी आहेच. तिला चेतवणारा मात्र दर वेळी वेगळा असतो.

अचानक उठणारे पित्त

सहा आठवड्यांच्या आत थांबणाऱ्या पित्ताला अल्पकालीन म्हणतात. लहान मुलांत ते बहुधा विषाणूच्या तापासर्दीबरोबर येते. खऱ्या अॅलर्जीत मात्र आयजीई नावाची प्रतिपिंडे मास्ट पेशीवर बसून असतात. शेंगदाणा, कोळंबी किंवा मधमाशीचे विष आले की ती त्याला पकडतात आणि बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत गांधी उठतात.

आयजीईचा शोध १९६६ मध्ये डेन्व्हरला लागला. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने चाचण्यांसाठी स्वतःच्याच पाठीची त्वचा वापरली. ते जिथे काम करत, त्या मुलांच्या दमा संशोधन संस्थेचे मूळ १९०७ मध्ये क्षयरोग्यांच्या ज्यू मुलांसाठी काढलेल्या एका आश्रयगृहात आहे.

मटणानंतर मध्यरात्री

हा प्रकार अमेरिकेत राहणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. "लोन स्टार" नावाची गोचीड चावल्यावर काहींच्या शरीरात अल्फा-गॅल या साखरेविरुद्ध आयजीई तयार होते. ही साखर बकरी, मेंढी, गाय यांच्या मांसात असते; कोंबडी-मासळीत नसते. व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी हा आजार शोधला. २००७ मध्ये डोंगरात फिरताना त्यांना स्वतःलाच गोचिडी चावल्या आणि पुढे मेंढीचे मांस खाल्ल्यावर काही तासांनी मध्यरात्री अंगभर गांधी उठल्या. हा त्रास बहुधा दोन ते सहा तासांनी सुरू होतो, म्हणून संध्याकाळच्या मटणावर कोणाचा संशय जात नाही. रक्ताच्या साध्या तपासणीने निदान होऊ शकते.

महिनोन्‌महिने टिकणारे पित्त

सहा आठवड्यांहून अधिक काळ, उघड कारणाशिवाय गांधी उठत राहिल्या, तर खाण्यातली अॅलर्जी हे कारण क्वचितच असते. बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच आयजीईविरुद्ध, किंवा आयजीई जिथे बसते त्या जागेविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. शिवाय रक्तातल्या बेसोफिल, इओसिनोफिल आणि टी पेशी त्वचेत जमा होतात आणि दाह चालू ठेवतात. पहारेकऱ्याला घरातलाच कोणी उठवत असेल, तर दार लावून काय उपयोग? म्हणून मनानेच पदार्थ सोडत जाऊ नका. उपासमार होते आणि पित्त राहते तिथेच. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांनी मात्र काहींचे पित्त वाढते. तुम्ही त्या घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन परस्पर बंद करू नका.

काहींना खाजवल्याने, थंडीने, दाबाने किंवा घामाने गांधी उठतात. थंडीने उठणाऱ्यांनी गार पाण्यात एकदम उडी घेऊ नये. रक्तदाब कोसळू शकतो.

एक प्रकार वेगळाच. गांध एकाच जागी २४ तासांहून जास्त राहते, खाजेपेक्षा जळजळते आणि गेल्यावर काळसर डाग राहतो. यात न्यूट्रोफिल पेशी रक्तवाहिन्यांनाच इजा करतात. यासाठी त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो.

उपचार

झोप न आणणारी सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखी औषधे पहिली. जुनाट पित्तात ती खाज सुटल्यावर नव्हे, रोज घ्यायची असतात. डॉक्टर गरजेप्रमाणे मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात. आपण परस्पर वाढवू नये. तेवढ्याने भागले नाही, तर आयजीईला धरून ठेवणारे ओमालिझुमॅबचे इंजेक्शन आहे. अमेरिकेत जुनाट पित्तासाठी त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लवकर आराम पडतो, पण त्या दीर्घकाळ घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: त्रास किती आठवडे आहे, एक गांध किती तास टिकते, आणि ती उठण्याआधीच्या सहा तासांत काय खाल्ले, कोणते औषध घेतले. गांध पेनाने आखून ठेवा आणि तिचा फोटो काढा. तुमची वेळ येईपर्यंत ती बहुधा विरलेली असते.

गांधींबरोबर श्वास कोंडला, जीभ किंवा घसा सुजला, चक्कर आली किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर आमसुलाची किंवा गोळीची वाट पाहू नका. जवळ एपिनेफ्रिनचे इंजेक्शन असेल, तर ते लगेच मांडीत द्या आणि ९११ ला फोन करा.